सुस्त आणि सुस्तु

माझं माहेर भालकीचं, सासर आदिलाबादचं. वडील मराठी, आई हुमनाबादकडची कन्नड. त्यामुळे आजही आईशी फोनवर बोलताना माझी भाषा आपोआप बदलते. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजातून घरी आले, चपला काढल्या आणि ओसरीवरच बसून आईला फोन लावला. म्हटलं, "अव्वा, भाळ सुस्ताग्याद." फार थकलेय, एवढाच त्याचा अर्थ. आई म्हणाली, "स्वल्प मलको, मगळे." जरा आडवी हो, बाळा.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, आत तांदूळ निवडत होत्या. त्यांना कन्नड येत नाही, पण त्या बोलण्यातला एक शब्द त्यांनी नेमका टिपला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना त्या सांगत होत्या, "आमची सून स्वतःच आईला म्हणत होती, मी सुस्त झालेय म्हणून. निदान कबूल तरी करते!"

दोन भाषांच्या घरात राहणाऱ्या तुम्हा वाचकांना यातली गंमत समजावून सांगायला नको. शब्द मूळचा फारसीतला. आपल्या मुलखात तो दोन्ही भाषांत रुजला, पण मराठीत 'सुस्त' म्हणजे मंद, आळशी आणि कन्नडात 'सुस्तु' म्हणजे थकवा. 'आयास' या शब्दाचंही असंच. मराठीत आयास म्हणजे कष्ट, कन्नडात आयास म्हणजे कष्ट झाल्यावर येणारा शीण. आदिलाबादला आल्यावर त्यात तेलुगूची भर पडली. तेलुगूत थकव्याला 'अलसट' म्हणतात; मराठी कानाला तो 'आळस'च ऐकू येतो. एकेकाळी भालकी आणि आदिलाबाद ही दोन्ही गावं हैदराबाद संस्थानातच होती. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेत ती वेगवेगळ्या राज्यांत गेली, पण शब्द मात्र सीमा ओलांडत राहिले.

तेव्हा मी हसले. पण पुढे काही महिन्यांनी तोच शब्द माझ्या तोंडून निघाला आणि हसू आटलं.

नोव्हेंबर महिना होता. आमच्या जिल्ह्यात तो कापसाच्या वेचणीचा काळ. मार्केट यार्डाकडे कापसाच्या गाड्यांची रांग, हवेत तंतू आणि गावोगावच्या घरांत सगळ्यांची धावपळ. वर्गात पुढच्या बाकावरची एक मुलगी तास चालू असताना डुलक्या घेत होती. आधीच माझं डोकं दुखत होतं. आदल्या रात्री उत्तरपत्रिका तपासत बाराला झोपले होते. मी खडू टेबलावर आपटला आणि सगळ्या वर्गासमोर तिला म्हणाले, "इतकी सुस्त कशी गं तू? घरी काय काम असतं तुला?"

ती काही बोलली नाही. तास संपल्यावर तिच्या मैत्रिणीने सांगितलं, "मॅडम, तिच्याकडे सगळे वेचणीला जातात. ही पहाटे चारला उठून साऱ्यांच्या भाकऱ्या करते, मग पहिली बस पकडते. सुटीच्या दिवशी ती पण वेचायला जाते."

स्टाफरूममध्ये येऊन बसले तेव्हा लक्षात आलं, आत्याबाईंनी जे माझ्याबद्दल केलं तेच मी त्या मुलीबद्दल केलं होतं. आणि आत्याबाईंनी निदान ते शेजारणीला हळूच सांगितलं होतं. मी चाळीस जणांसमोर सांगितलं.

आपण रागीट झालो आहोत हे मला दिसत होतं, पण आपण थकलो आहोत म्हणून रागीट झालो आहोत, हे दिसत नव्हतं. झोपून उठलं तरी शीण जात नव्हता. दोन जिने चढले की पाय भरून येत. फळ्यापाशी उभी असताना पुढचं वाक्य विसरायला होई. मुलाने अभ्यासातलं काही दोनदा विचारलं की अंगावर ओरडून जाई. यांनी एकदा विचारलंसुद्धा, "तुझं काही दुखतंय का?" काही दुखत नव्हतं, म्हणून डॉक्टरांकडे गेले नव्हते. आपल्याकडे बायकांनी डॉक्टरांकडे जायला काहीतरी दुखावं लागतं.

शेवटी गेले. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन निघालं 9.2. प्रौढ बाईचं ते निदान 12 असावं असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. थायरॉइड, साखर, रक्तदाब ठीक. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली: गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या लगेच आधी-नंतर घ्यायची नाही, चहामुळे लोह अंगी लागत नाही. आमच्या घरी दिवसातून पाच वेळा चहा होतो, तेव्हा हे पथ्यच झालं.

हे मुद्दाम आधी सांगते आहे. थकवा आहे म्हणजे योग करा, असा सल्ला हल्ली कोणीही देतं. पण पंडुरोग, थायरॉइड, मधुमेह, हृदयाचा विकार, मनाचं खोलवरचं औदासीन्य, यांपैकी कशाचाही पहिला निरोप थकवाच असू शकतो. हिमोग्लोबिन कमी असताना मी कितीही आसनं केली असती तरी ते आसनांनी भरून निघालं नसतं. आधी तपासणी, मग बाकीचं.

चार महिन्यांत हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं. जिने चढायला जमू लागलं. तरी निम्मा थकवा तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, "हा आता रक्तातला नाही, ताणाचा आहे. झोप वाढवा, योग करा." जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, ती मी नंतर वाचली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरता न आल्याने होणारी अवस्था. शक्ती संपून जाणं, कामापासून मन उडणं, हातून नीट काम न होणं. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलं आहे. त्या तीन लक्षणांत मी स्वतःला ओळखलं. फक्त एक वाटलं, घरचं काम हेही काम आहे, हे त्या व्याख्येत कुठे बसवायचं?

योग करायचा ठरवलं आणि पहिली चूक केली. आपल्या डोळ्यांसमोर योग म्हणजे 21 जूनचं मैदान असतं. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर 2014 मध्ये तो दिवस जाहीर केला आणि 2015 पासून दरवर्षी शाळा-कॉलेजांत रांगा लागतात, फोटो निघतात. चांगलंच आहे ते. पण त्या रांगेत मी जे पाहिलं होतं तेच घरी करायला गेले. पहाटे साडेचारला उठून मोबाइलवर बघत बारा सूर्यनमस्कार, मग जोरजोरात कपालभाती. आधीच कमी असलेली झोप आणखी तासाभराने कमी झाली. नवव्या दिवशी कंबर धरली आणि माझा योग संपला. दिवसभर नांगर ओढलेल्या बैलाला संध्याकाळी शर्यतीत उतरवल्यासारखं ते होतं.

मग भेटल्या त्या बाई. निवृत्त शिक्षिका. मुलाची बदली बँकेत आदिलाबादला झाली म्हणून पुण्याहून इकडे आलेल्या. पुण्यात त्यांनी अय्यंगार पद्धतीचा योग कितीतरी वर्षं केलेला. मी सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला सध्या काही करायचं नाही. नीट पडून राहायला शिका." मला वाटलं, चेष्टा करताहेत. तेव्हा त्यांनी मला यहुदी मेन्युहिनची गोष्ट सांगितली.

बी. के. एस. अय्यंगार हे नाव आपल्या दोन्ही भाषांच्या वाचकांना जवळचं. जन्म 1918 चा, कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरचा, कर्मभूमी पुणे. लहानपण आजारपणात गेलं: मलेरिया, टायफॉइड, क्षय. मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे म्हैसूरला ते योग शिकले आणि 1937 मध्ये शिकवण्यासाठी पुण्याला आले. भाषा अनोळखी, शरीर अशक्त. पण ते तिथेच राहिले आणि 2014 मध्ये पुण्यातच वारले. 1952 मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भारतात आले होते. मुंबईत अय्यंगारांची भेट ठरली. मेन्युहिन दौऱ्याने इतके थकलेले, की म्हणाले, माझ्याकडे पाचच मिनिटं आहेत. अय्यंगारांनी त्यांना एकही अवघड आसन करून दाखवलं नाही. त्यांना शवासनात आडवं केलं. मेन्युहिनना झोप लागली ती तासभर. उठले ते ताजे होऊन, आणि मग आणखी दोन तास ते अय्यंगारांबरोबर राहिले. पुढे 1954 मध्ये त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावलं आणि तिथून हा योग पश्चिमेत पसरला.

"बघा," बाई म्हणाल्या, "जगात एवढा गाजलेला योग, त्याची सुरुवात एका थकलेल्या माणसाला झोपवण्यापासून झाली."

मग माझा अभ्यास सुरू झाला. साहित्य सगळं घरातलंच. अय्यंगार पद्धतीत लोड, घोंगड्या, पट्टे, खुर्च्या यांचा आधार घेतात, म्हणजे अशक्त शरीराला जोर न लावता आसनात राहता येतं. आमच्याकडे आपल्याच शेतातल्या कापसाचे, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेले दोन जुने लोड माळ्यावर पडून होते. ते खाली आले.

पहिले पंधरा दिवस फक्त एकच. जमिनीवर सतरंजी, उताणं झोपायचं, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, डोक्याखाली घडी केलेली चादर, डोळ्यांवर हलका रुमाल. श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही. फक्त सोडताना थोडा लांबवायचा, गरम दूध फुंकतो तितक्या सावकाश. दहा मिनिटं. उठताना आधी उजव्या कुशीवर वळायचं, हाताचा आधार घ्यायचा, डोकं सगळ्यात शेवटी उचलायचं. पुढे लोडावर पाठ टेकून छाती उघडी ठेवणं, कमरेखाली लोड घेऊन पाय भिंतीला उभे टेकवणं, मग बसून भ्रामरीचा गुंजारव. सगळं मिळून वीस मिनिटं. तीन महिन्यांनी उभ्याची आसनं आली, तीही मोजकी.

पडून राहण्यात काय शिकायचं, असं मलाही वाटलं होतं. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत डोळे उघडले. दुधाखालचा गॅस बंद केला का, हे आठवेना. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की आडवी असूनही माझा जबडा आवळलेला आहे, खांदे कानांशी गेलेले आहेत. शरीर जमिनीवर होतं पण ते अजून कॉलेजच्या बससाठी धावत होतं. बाई म्हणत, "झोप आणि विश्रांती एक नव्हेत. आवळलेल्या शरीराने झोपलं तर उठताना शीण तसाच राहतो."

यामागचं शास्त्र साधं आहे. ताण आला की शरीर लढायच्या तयारीला लागतं: नाडी जलद, स्नायू ताठ, श्वास वरवरचा. संकट टळलं की हे उतरायला हवं. पण आपली संकटं संपतच नाहीत. एक उतरायच्या आत दुसरं येतं. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, ही शरीराची मूळ रचनाच आहे. उच्छ्वास लांबवला की शांतवणाऱ्या मज्जासंस्थेला वाव मिळतो. जुन्या लोकांना हे अनुभवाने ठाऊक होतं. सुमारे पंधराव्या शतकातल्या 'हठप्रदीपिके'त स्वात्मारामाने शवासनाचा उपयोगच थकवा घालवणं आणि चित्ताला विसावा देणं असा सांगितला आहे. हे प्रयोगशाळेत तपासण्याची सुरुवात मराठी मुलखातच झाली. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. तिकडे बेंगळुरूजवळ डॉ. एच. आर. नागेंद्र यांच्या विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाने आवर्तन ध्यान विकसित केलं. त्यातही हेच तत्त्व आहे: थोडी सावकाश हालचाल, मग विसावा, पुन्हा हालचाल, पुन्हा विसावा. नुसतं पडून राहिलं तर मन भटकतं किंवा पेंगतं. नुसतं ताणलं तर शरीर दमतं. दोन्हींची पाळी लावली की विसावा खोल जातो.

इथवर वाचून कोणाला वाटेल, सोपं आहे. मला सगळ्यात अवघड गेलं ते आसन नव्हे, वेळ मागणं.

माझा मोकळा वेळ एकच, संध्याकाळी सहाचा. आणि सहाला आडवं होणं म्हणजे आमच्या घरात अपशकुन. पहिल्या दिवशी आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. "दिवेलागणीला लक्ष्मी यायची वेळ. त्या वेळी कोणी अंथरूण टाकतं का? आणि काय म्हणे, शवासन! भरल्या घरात तिन्हीसांजेला शव?" मी हठप्रदीपिका काढायच्या बेतात होते, पण थांबले. भालकीला आईनेही मला त्या वेळी कधी आडवं होऊ दिलं नव्हतं. हा नियम मोडण्यात माझा काही पराक्रम नव्हता.

त्या रात्री जेवताना मी यांना आणि मुलाला सांगितलं, "मी पावणेपाचला घरी येते. आल्यावर वीस मिनिटं मी आतल्या खोलीत असेन. चहा तुम्ही दोघांपैकी कोणीतरी करायचा. मला हाक मारायची नाही." इतकं साधं वाक्य बोलताना माझा आवाज कापला. हे एकदम "हो, करू की," म्हणाले. मला वाटलं, अठरा वर्षांत मी हे मागितलंच नव्हतं. कोणी नाही म्हटलं नव्हतं, कारण कोणाला विचारलंच नव्हतं. अर्थात सगळ्याच घरांत असं एकदम हो येत नाही, हे मी जाणते. कित्येकींच्या घरी वेगळी खोलीच नसते. त्या मुलीच्या घरी पहाटे चारला तिला कोण म्हणणार, जरा पड म्हणून? योगाच्या पुस्तकांत हे प्रकरण नसतं.

आज तीन वर्षं झाली. चमत्कार काही झाला नाही. मार्चमध्ये पेपर तपासणीच्या दिवसांत मी आजही थकते. मेमध्ये आदिलाबादचा पारा चढला की तर विचारूच नका. फरक एवढाच, की थकवा आता आधी कळतो. जबडा आवळला गेला की लक्षात येतं, आणि मुलावर ओरडायच्या आत श्वास सोडता येतो. दहातल्या सहा वेळा तरी. झोप लवकर लागते. कमरेचं दुखणं गेलं.

करून पाहणाऱ्यांसाठी बाईंनी मला दिलेल्या सूचना इथे सांगते. रक्तदाब जास्त असेल, हृदयविकार असेल, तर श्वास कोंडायचा नाही आणि जोराची कपालभाती करायची नाही. डोळ्यांत काचबिंदू असेल तर डोकं खाली-पाय वर असली आसनं टाळायची. गरोदरपणी आणि शस्त्रक्रियेनंतर जाणत्या शिक्षकाशिवाय काहीच नाही. आणि मन महिनोन्‌महिने खचलेलं असेल तर योगाच्या आधी मानसोपचार तज्ज्ञ. चालू असलेलं औषध योगाच्या भरवशावर बंद करू नये.

त्या मुलीला मी नंतर बोलावून घेतलं. माफी मागितली. ती इतकी ओशाळली की मलाच अवघडल्यासारखं झालं. वर्गात मात्र मी एक केलं. जे बोलणं सगळ्यांसमोर झालं होतं, त्याची भरपाईही सगळ्यांसमोर व्हायला हवी होती. एका तासाला आधी मी तीन शब्द फळ्यावर लिहिले: सुस्त, सुस्तु, अलसट. वर्गात मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू बोलणारी मुलं. चर्चा छान रंगली. शेवटी मी म्हटलं, "मी चुकीच्या भाषेत बोलले होते." ती मुलगी खाली मान घालून हसली. त्या वेचणीच्या दिवसांत दुपारच्या सुटीनंतरच्या तासाला पहिली पाच मिनिटं डोकं बाकावर टेकवून डोळे मिटायची मुभा मी सगळ्यांना दिली. काही जण नुसतीच खुसखुसायची. काहींना खरंच गाढ झोप लागायची.

आणि आत्याबाई? त्यांचे पाय सुजायचे म्हणून डॉक्टरांना विचारून मी त्यांनाही खुर्चीवर पाय ठेवून पडायला शिकवलं. चार दिवस केलं त्यांनी. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "बरं वाटतं गं, पण मला झोप लागते. दिवसा लागलेली झोप मला आवडत नाही." उभा जन्म शेतात गेलेला. मी आग्रह केला नाही. पण पावणेपाचला माझ्या खोलीचं दार त्याच ओढून घेतात.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. मी आत होते. त्यांनी विचारलं, "सूनबाई दिसत नाहीत, झोपल्यात की काय?"

आत्याबाई म्हणाल्या, "नाही. तिला सुस्तु झालंय. आपलं सुस्त नव्हे बरं का. भालकीचं."